पत्त्याचा रकाना

करंजाडे हे नाव पनवेलकरांना पूर्वीपासून ठाऊक होते ते एका गावाचे. आता बहुतेकांना ठाऊक आहे ते सिडकोच्या वसाहतीचे, सेक्टरांचे आणि सात-सात मजली इमारतींचे. पनवेलला लागून असलेल्या या वसाहतीची घडण मी गेली काही वर्षे इथला रहिवासी म्हणून पाहतो आहे. एका इमारतीचा स्लॅब पडत असतो तेव्हा शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पत्र्याच्या आठ-दहा खोल्या उभ्या असतात. त्यांत गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले आणि त्यांची मुले राहतात. इमारतीला रंग लागला की पत्रे उतरतात, ट्रकवर चढतात आणि दुसऱ्या प्लॉटवर, दुसऱ्या सेक्टरात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात जातात. या मुलांच्या शाळेचा खर्च महाराष्ट्रात आजवर कोणी, कोणत्या खात्यातून आणि कोणत्या अटीवर केला, हा या लेखाचा विषय आहे.

विषय दिसतो त्यापेक्षा जुना आहे. त्याची मुळे मला एका सरकारी शब्दात सापडली. तो शब्द म्हणजे 'उपकर'.

एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड सुरू झाला. त्यातला एक तृतीयांश भाग शाळांसाठी आणि उरलेला रस्त्यांसाठी, अशी वाटणी होती. आपल्याकडच्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांचा पाया या आण्यावर उभा आहे. हा आणा कोण भरतो आणि शिकतो कोण, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात विचारला. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, असा त्यांचा आक्षेप होता. निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यांनी त्याच निवेदनात केली. हे निवेदन आपण वारंवार उद्धृत करतो. पण त्या आण्याचे आणखी एक वैशिष्ट्य फारसे कोणी सांगत नाही. तो जमिनीवर बसवलेला होता. ज्या गावातून सारा वसूल होतो त्या गावात शाळा निघते, असा तो हिशोब. ज्याची जमीन नाही, ज्याचे गाव नाही, त्याचे पोर या हिशोबात कुठेच बसत नव्हते.

पुढची प्रत्येक योजना याच वळणाने गेली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांनी एक वाटा उचलावा, सरकारने दोन वाटे द्यावेत आणि गरज पडल्यास स्थानिक संस्थांनी शिक्षणकर बसवावा, अशी त्याची रचना होती. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. सयाजीरावांनी त्याआधीच, १८९३ साली अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात सक्ती आणली होती. सक्ती करायची तर यादी हवी. यादी करायची तर घर हवे. फिरस्त्याला दंडाची नोटीस तरी कुठे बजावणार?

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ साली शिक्षण उपकराचा कायदा झाला आणि शहरांतल्या जमिनी-इमारतींच्या भाडेमूल्यावर कर बसला. आजही महापालिकेच्या मालमत्ताकराच्या बिलात 'शिक्षण कर' अशी ओळ असते. बहुतेक जण ती न वाचताच बिल भरतात. म्हणजे खेड्यात जमीन आणि शहरात घर, या दोन खुंट्यांना आपला शिक्षणाचा पैसा बांधलेला राहिला. केंद्राने २००४ साली आयकरावर दोन टक्के शिक्षण उपकर लावला तेव्हा पैशाचा उगम बदलला. तो पोचण्याचा रस्ता मात्र शाळेच्या पटावरूनच राहिला, आणि पटावर नाव लागायला पत्ता लागतो.

फिरत्या माणसांच्या मुलांवर सरकारने मुद्दाम खर्च केलाच नाही, असे मात्र नाही. तो आधी केला कसा, हे सांगायला जरा संकोच वाटतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांच्यासाठी पुढे 'सेटलमेंट' निघाल्या. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारवसाहतीत ठेवण्याची मुभा प्रांतिक सरकारांना दिली. सोलापूरची सेटलमेंट आपल्याकडे सर्वांत प्रसिद्ध. तिथे तारेचे कुंपण होते, हजेरी होती आणि शाळाही होती. भटक्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी सरकारी तिजोरी उघडली ती अशी, पहारा बसवून. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. त्यानंतर भटक्या-विमुक्तांसाठी आश्रमशाळा आल्या. त्यांतून अनेक जण शिकले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मूल शिकवायचे तर त्याला कुटुंबाच्या वाटेवरून उचलून एका जागी ठेवायचे, ही कल्पना सेटलमेंटमधून आश्रमशाळेत आलीच. लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' १९८० साली आले. गाढवावर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या कैकाडी बापाने पोराला शाळेत घालायचे ठरवले म्हणजे काय होते, हे मराठी वाचकाला तेव्हा पहिल्यांदा आतून कळले.

दुसरी वाट वसतिगृहाची. ती अधिक मानाची आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, मग जातवार वसतिगृहांची रांग लागली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग काढले. शहरात ज्याचे घर नाही त्याला घर द्यायचे म्हणजे शाळा आपोआप मिळते, हे या माणसांनी बरोबर ओळखले होते. मात्र बोर्डिंगमध्ये येणाऱ्या मुलाचे गावी घर असे. सुटीत तो तिकडे जाई. ज्याचे गावीही घर नाही, किंवा आहे पण वर्षातले सहा महिने त्याला कुलूप आहे, त्याची गोष्ट निराळी.

तिसरी वाट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात मूल हलत नाही, शाळा हलते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर नांदू लागले. वारल्यांची मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखायला कुरणात जात. तेव्हा या दोघींनी कुरणातच शाळा भरवली. तिला त्या 'कुरणशाळा' म्हणत. मूल जिथे कामाला आहे तिथे शिक्षकाने जायचे, हा विचार आज साधा वाटतो. शिक्षणखात्याच्या अनुदानसूत्रात तो कधीच नीट बसला नाही. अनुदान मिळते ते इमारत, पट आणि उपस्थितीवर. कुरणाला सर्व्हे नंबर असतो, वर्गखोली नसते.

कुरणशाळेची धाकटी भावंडे पुढे पन्नास वर्षांनी जन्मली. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर १९९० च्या दशकात 'भोंगाशाळा' काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर मजुरांनी कच्च्या विटा रचून, वर गवत टाकून केलेले खोपटे. त्यात राहणाऱ्या, मुख्यतः कातकरी मुलांसाठी शाळाही तशीच, भट्टीवरच. कातकऱ्यांचे हे स्थलांतर आमच्या रायगडातलेही आहे. दिवाळी झाली की पनवेल-कर्जत-सुधागडच्या वाड्या रिकाम्या होऊ लागतात आणि पावसापूर्वी पुन्हा भरतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलअखेर संपते. म्हणजे पहिले सत्र गावात, दुसरे भट्टीवर, आणि परीक्षा कुठेच नाही.

ऊसतोडीची कथाही हीच, आकाराने फार मोठी. दसऱ्यानंतर बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीतून टोळ्या निघतात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला उचल देतो आणि त्या जोडीला हिशोबात 'एक कोयता' म्हणतो. कोयत्याबरोबर आलेल्या मुलांचा हिशोबात उल्लेख नसतो. औरंगाबादच्या 'जनार्थ' या संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला साखर कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवायला घेतल्या. कारखान्याने जागा द्यायची, सरकार आणि देणगीदारांनी पैसा, संस्थेने शिक्षक. मूल हंगामभर तिथे शिकायचे आणि गावी परतताना त्याची प्रगती मूळ शाळेला कळवायची, अशी ती व्यवस्था.

इथे इतिहासाने एक विचित्र वळण घेतले, आणि त्याचा उल्लेख मला आपल्या शिक्षणचर्चेत फारच कमी आढळतो. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. या कायद्याच्या नवव्या कलमात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर स्पष्ट शब्दांत टाकली आहे. चौथे कलम म्हणते, वयानुरूप वर्गात बसवा आणि मागे पडलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढा. चौदावे म्हणते, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नका. भटक्या मुलासाठी याहून चांगला कायदा आपल्या देशात झालेला नाही. पण याच कायद्याने मान्यता नसलेली शाळा चालवायला मनाई केली. साखरशाळा ही काही निकषांतली शाळा नव्हे. तिला भिंत नाही, मैदान नाही, वर्षाचे कामाचे दिवस भरत नाहीत. मुलांनी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जावे, असे ठरले आणि साखरशाळा मिटत गेल्या. कायद्याचा हेतू रास्त होता. दुय्यम शाळा गरिबाच्या माथी मारू नये, हे कोण नाकारील? पण फडापासून जिल्हा परिषदेची शाळा किती लांब, पहाटे तीनला फडात गेलेली आई मुलाला दहा वाजता शाळेत सोडणार कशी, आणि तिथला गुरुजी पाच महिन्यांसाठी आलेल्या मुलाला वर्गात कुठे बसवणार, याची तरतूद त्या वाक्यात नव्हती.

मग चाक उलटे फिरले. मूल गावातच ठेवायचे, आईबापांनी जायचे. त्यासाठी हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी पत्रक, २०१७ पासून स्वेच्छेने काम करणारे 'बालरक्षक' शिक्षक. २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर झाली, आणि तिच्यामागच्या महामंडळासाठी उसाच्या टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये आणि तितकेच सरकारकडून, असे सूत्र ठरले. पुन्हा उपकरच. फक्त या वेळी तो जमिनीवर किंवा घरावर नव्हता. तो मजुराच्या कामावर होता, म्हणजे ज्या धंद्यामुळे मूल घराबाहेर पडते त्या धंद्यावर. मला हा बदल मोलाचा वाटतो.

आणि इथे आपण करंजाड्याला परत येतो, कारण असा धंद्यावरचा उपकर बांधकामात फार आधीपासून आहे. १९९६ साली संसदेने बांधकाम मजुरांसाठी दोन कायदे केले. एकाने कल्याणकारी मंडळे निर्माण केली, दुसऱ्याने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर बसवला. बांधकामाला परवानगी देणारी संस्था तो वसूल करून मंडळाकडे भरते. महाराष्ट्राने नियम केले २००७ मध्ये, आणि मंडळ प्रत्यक्षात उभे राहिले २०११ मध्ये. कायदा ते मंडळ, पंधरा वर्षे. त्या वर्षांत नवी मुंबईत किती मजले चढले, हे वाचकाने आठवून पाहावे.

मंडळाच्या शैक्षणिक योजना कागदावर चांगल्या आहेत. नोंदणी झालेल्या मजुराच्या पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवी वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावी ५,००० रुपये, पुढे महाविद्यालयाला २०,०००, अभियांत्रिकीला ६०,००० आणि वैद्यकीयला एक लाख. मी एक साधा हिशोब केला. दहा कोटी खर्चाची एक इमारत धरा. तिचा उपकर दहा लाख. २,५०० ने भागले तर चारशे मुलांचे एक वर्ष निघते. एका इमारतीवर चारशे मुले काही राहत नाहीत, पंधरा-वीस असतील. म्हणजे पैसा कमी पडण्याचा प्रश्नच नसावा.

आणि तो नाहीच. १९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या उपकराबाबत निकाल दिला. न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांच्यापुढे आलेला आकडा असा होता: देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा, त्यांतले सुमारे ९,५०० कोटी खर्च. उरलेले अठ्ठावीस हजार कोटी मजुरांच्या नावाने पडून. निकालातली भाषा न्यायालयांच्या मानाने बरीच कडक आहे.

पडून का राहतो, याचे उत्तर अटींत आहे. नोंदणीसाठी गेल्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभे राहून रोज नव्या मुकादमाबरोबर जाणाऱ्या माणसाला तो कोण देणार? नव्वद दिवस भरले तरी ते तीन ठेकेदारांकडे विखुरलेले असतात. नोंदणी झाली तर पुढे शाळेची अट आहे: मुलाची ७५ टक्के उपस्थिती आणि शाळेचा दाखला. वरची सगळी भटकंती वाचल्यावर या अटीकडे पाहा. ज्या मुलाचा बाप सहा महिने करंजाड्यात आणि सहा महिने आणखी कुठे आहे, त्या मुलाच्या मदतीसाठी गोळा केलेला पैसा त्याने एका जागी राहिल्यावरच मिळणार. जे मूल आजी-आजोबांजवळ जालन्याला राहते, त्याला तो मिळू शकतो. जे पत्र्याच्या खोलीत आहे त्याला सहसा नाही. नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे नव्या कामगार संहितांत विलीन झाले आहेत. उपकर मात्र कायम आहे.

१९९६ च्या कायद्यात पाळणाघराचे कलमही होते: पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली. सात मजली इमारतीवर एकाच वेळी पन्नास स्त्रिया नसतात, त्यामुळे आमच्यासारख्या वसाहतीत हे कलम सहसा लागूच होत नसे. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत, गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाच्या बांधकामावर, तंबूत पहिले फिरते पाळणाघर सुरू केले. मुंबईत ते काम १९७२ मध्ये आले. मुंबईतच १९८८ साली रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी 'डोअर स्टेप स्कूल' उभारले, तिचे वर्ग पुढे पुण्याच्या बांधकामांवर भरू लागले. या संस्था ठिकाण संपले की वर्ग गुंडाळतात आणि पुढच्या ठिकाणी मांडतात. म्हणजे मजुरासारख्याच वागतात. कुरणशाळेचा खरा वारसा मला इथे दिसतो, आणि तो मुख्यतः देणग्यांवर चालतो.

करंजाड्याची आणखी एक बाजू आहे, तिच्याशिवाय हे चित्र अर्धे राहील. ही वसाहत स्वतःच विस्थापितांच्या जमिनीवर उभी आहे. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली, आणि आज आपण पाहतो त्या इमारतींपैकी बऱ्याच त्या भूखंडांवरच्या आहेत. विमानतळासाठी दहा गावे उठली तेव्हा मोबदला साडेबावीस टक्के विकसित जमिनीपर्यंत गेला. पुनर्वसनाच्या आराखड्यात घरांबरोबर शाळा, देऊळ, मैदान, स्मशान यांच्या जागा धरलेल्या होत्या. घर हलले तर शाळाही हलली पाहिजे, हे सरकारने इथे लेखी मान्य केले. ते सहज मान्य केले नाही, त्यासाठी माणसे रस्त्यावर उतरली. पण त्यांच्याजवळ सातबारा होता, घराचा क्रमांक होता, मतदारयादी होती. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याचे काँक्रीट ओतणाऱ्यांच्या मुलांची शाळा कोणत्याही पुनर्वसन आराखड्यात नव्हती, कारण कागदोपत्री ते विस्थापित झालेच नव्हते. ते फक्त कामाला आले होते.

जनगणनेच्या दृष्टीनेही ते बेघर नाहीत. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री पदपथ, पूल, स्थानके यांवर झोपलेल्यांची मोजणी झाली, देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या आसपास. पत्र्याच्या खोलीला छप्पर आहे, म्हणून ती 'जनगणना घर' ठरते.

अमेरिकेत या व्याख्येवरच भांडण झाले. तिथे १९८७ साली मॅकिनी कायदा झाला (पुढे त्याला व्हेंटो यांचेही नाव जोडले गेले), आणि शिक्षणापुरती बेघराची व्याख्या त्याने रुंद केली: ज्याला रात्री झोपायला स्थिर, नियमित आणि पुरेशी जागा नाही तो. नातेवाइकाच्या घरात दाटीवाटीने राहणारे मूलही त्यात येते. कागदपत्रे नसली तरी त्याच दिवशी प्रवेश, मुक्काम बदलला तरी मूळ शाळेत राहण्याचा हक्क, तिथवर जाण्याची वाहनव्यवस्था, आणि प्रत्येक शाळाजिल्ह्यात या मुलांसाठी नेमलेला एक माणूस. निधी तिथेही अपुरा असल्याची ओरड आहेच. मला त्यातला तो नेमलेला माणूस महत्त्वाचा वाटतो. आपल्या कायद्यात जबाबदारी 'स्थानिक प्राधिकरणा'ची आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, सिडको आणि महापालिका यांच्या हद्दी जिथे एकमेकींना खेटून आहेत, त्या पनवेल तालुक्यात प्राधिकरण म्हणजे नेमके कोण, हे एखाद्या बिगाऱ्याने कसे शोधायचे?

त्यात अलीकडे आधारची भर पडली आहे. शाळेला किती शिक्षक मंजूर होतात ते संचमान्यतेवर ठरते, आणि संचमान्यतेत धरले जातात ते आधार पडताळणी झालेले विद्यार्थी. प्रवेश नाकारता येत नाही, म्हणून मुख्याध्यापक मुलाला वर्गात बसवतात, खिचडी देतात. पण आधार नसलेल्या त्या मुलामुळे शाळेच्या शिक्षकसंख्येत काहीही फरक पडत नाही. आधारच्या अर्जात पत्ता लागतो. मुलाच्या अर्जावर बापाचा पत्ता येतो, बापाच्या आधारवर असतो तो कलबुर्गीचा, परभणीचा नाहीतर झारखंडमधल्या एखाद्या गावाचा. शाळेच्या जनरल रजिस्टरात लिपिक कधी तोच उतरवतो, कधी 'करंजाडे, सेक्टर अमुक, बांधकामाची जागा' असे लिहितो. वर्षभरात त्या जागेवर इमारत झालेली असते आणि तिच्या फाटकावर सोसायटीची पाटी लागलेली असते. ती महापालिकेच्या हद्दीत असेल, तर मालमत्ताकराचे पहिले बिल येते तेव्हा त्यात शिक्षण कराची ओळ असते.